मडक्याची धग आणि कापलेली लिंबं

आधी काकूचं सांगते. काय झालं ते मागून. झालेलं सांगायला बसले की मी माझ्याच हातांबद्दल बोलत राहते आणि काकू मागे पडते. ती मागे पडलेली मला चालणार नाही.

काकू म्हणजे लग्नांत रोट्या करणाऱ्या आमच्या टोळीत कणीक मळणारी बाई. माझ्या नात्यातली नाही. नागपुरात सक्करदऱ्याला आम्ही जिथं भाड्यानं राहतो, तिथं शेवटच्या खोलीत ती एकटी असते. तिचे मालक कळमेश्वरला लोखंड ओतायच्या कारखान्यात भट्टीवर होते. ते वारले तशी ती या कामात आली. साठी उलटलेली, बुटकी, पण मनगटं पैलवानाची. तिनं मला दवाखान्यात नेलं. माझ्यासाठी ठेकेदाराशी भांडली. आणि या सगळ्याच्या आधी तिनं माझा हात आपल्या हातात घेतला. त्या दिवशी तो हात मीसुद्धा धरला नसता.

आता माझं. मी खानदेशातली. शाळा आठवीत सुटली. आठवीचा वर्ग नदीपलीकडच्या गावात, आणि आईची कंबर धरलेली, घरात दुसरं कोणी करणारं नाही. तेव्हा पुस्तकं गेली आणि खापर हातात आलं. आमच्याकडे सणाला पालथ्या खापरावर पुरणाचे मांडे करतात. ते आईनं मला असे शिकवले की गावात लग्न असलं की मला बोलावणं यायचं. तेवढ्या एका कलेवर ओळखीच्या बाईबरोबर नागपूरला आले. इथं पुरण नसतं, नुसत्या गव्हाची लंबी रोटी असते, मडक्यावरची. हात मात्र तेच चालतात.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. ही रोटी लाटत नाहीत. कणीक इतकी सैल भिजवतात की धरली तर बोटांतून ओघळते. तिचा गोळा उचलायचा, या हातावरून त्या हातावर फेकायचा, आणि ती आपल्याच वजनानं लांबत लांबत मनगटावरून कोपरापर्यंत येते. पातळ, पलीकडचं दिसेल अशी. मग पालथ्या मडक्यावर अलगद टाकायची. मडक्याच्या पोटात लाकडाचा जाळ. म्हणजे पोळपाट आमच्या हाताचंच, आणि तव्यापासून वीतभरावर दिवसभर आमचे हात.

हल्ली लग्नात याला लाइव्ह काउंटर म्हणतात. बेसा भागात लॉन झाले आहेत, एकाला लागून एक. तिथं आम्हाला सारख्या रंगाच्या साड्या नेसवून उभं करतात. लोक ताट घेऊन येतात, मोबाईल काढतात, "वाव" म्हणतात. रोटी पुढं सरकवली की कडेनं एक तुकडा तोडतात आणि बाकीची ताटात ठेवून आइस्क्रीमकडं जातात.

दुसऱ्या हंगामात माझ्या हातावर ते आलं.

आधी वाटलं धूर बसला. हातावरचे केस तर कधीच जळून गेले होते, त्याचा वास अंगालाच बसलेला असतो. भांड्याच्या घासणीनं घासलं. धूर गेला, ते राहिलं. कोपराच्या आतल्या बाजूनं मनगटापर्यंत लालसर रेघा, एकमेकींत गुंतलेल्या. दोन महिन्यांत त्या तपकिरी झाल्या. मासे धरायचं जाळं ओलं करून कातडीखाली पसरून ठेवावं तसं. मधल्या घरांतली कातडी पांढुरकी, कोरडी, सरड्याच्या पोटासारखी. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं, हेच मला जास्त भयंकर वाटायचं. दुखलं असतं तर काहीतरी माझं आहे असं वाटलं असतं.

खोटं कशाला बोलू, मला माझ्या हातांची शिसारी यायची. आंघोळीला डोळे मिटून चोळायचे. घास उचलला की नेमकी आतली बाजू समोर यायची, म्हणून भात चमच्यानं खायला लागले. माझ्या खोलीतली जोडीदारीण म्हणायची, "काय वं, साहेबीण झाली का?" मी हसायचे. झोपताना हात उशीखाली घालायचे, आणि मग वाटायचं, आता ते उशीला लागलं असेल.

आई फोनवर चेहरा पाहायची आणि म्हणायची, "बांगड्या भरल्या ना माय? दाखव बरं हात." मी फोन भिंतीकडं फिरवायचे आणि रेंज नाही म्हणायचे. त्या वर्षी दिवाळीला गेले नाही. आईला काम आहे म्हणून सांगितलं. आईनं विचारलं, दिवाळीत कसली लग्नं? मी फोन ठेवला.

मग बेसाच्या लॉनवरचा तो दिवस आला. दुपारचं जेवण होतं. जरीच्या साडीतली एक बाई माझ्या अगदी पुढ्यात मोबाईल धरून उभी. नवरीची मावशी असावी, कारण सगळे तिला विचारून चालले होते. एका हातात ताट, त्यात माझीच रोटी, तोंडात घास, दुसऱ्या हातात मोबाईल. रोटी लांबत कोपरावर आली तसा तिनं पडद्यावर हात मोठा करून पाहिला. नुसत्या डोळ्यांना जे दिसलं नव्हतं ते तिला पडद्यावर दिसलं.

"अगं बाई! हे काय हिच्या हाताला?"

शेजारी तिचे यजमान होते. ते वाकले. "कोड-बिड असेल."

"कोड पांढरं असतं हो!"

"मग दुसरं काहीतरी. मला काय माहीत, मी काय डॉक्टर आहे?"

"ईऽऽ! मी खाल्ली की हो ती!" आणि तिनं तोंडातला घास टिश्यूत काढला. चावलेला, रस्सा लागलेला. तो टिश्यू तिनं माझ्या समोर, कणकेच्या परातीजवळ ठेवला.

त्या दोघांचा माझ्या हातावरून वाद चालला होता आणि हात तसाच मडक्यावर धरलेला होता. रोटी करपली. मागची रांग आधी थोडी सरकली, मग सरळ तंदूरच्या काउंटरला गेली. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं. लोक नुसते ताट छातीशी धरून, अंग चोरून गेले.

ठेकेदार भाऊ धावत आला. त्यानं मला मागं पाठवलं, उष्टी ताटं काढायला. तिथं माझे हात कोणाला दिसणार नव्हते. मी ताटं काढत होते आणि पाहत होते, माझी किळस करणाऱ्यांनी ताटात काय काय केलं होतं. पनीरच्या रश्श्यात रसमलाई बुडवलेली. अर्धा चावलेला गुलाबजाम बाहेर काढून ठेवलेला. दहीवड्यात खोचलेला टिश्यू, त्याला लिपस्टिक. एका ताटात कोणी चूळ भरली होती. टपातून आंबट वाफ येत होती. तो सगळा लगदा मी याच हातांनी ओढून टपात टाकला, त्याला कोणाची हरकत नव्हती.

काम संपल्यावर भाऊनं मला बाजूला घेतलं. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. एक पिचकारी त्यानं मंडपाच्या खांबाच्या बुडाशी मारली आणि म्हणाला, "पाय, मी वाईट माणूस नाही. पण पार्टीनं मले बोलून बोलून हैराण केलं. वीस दिवसांनी ह्याच लॉनवर मोठं काम आहे. तोवर हात साफ करून ये. नाही तं गावाले जाय बाप्पा. मले धंदा करा लागते."

वीस दिवस. एवढंच मला त्यातलं ऐकू आलं. मला दुसरं काही येत नाही. शाळा नाही, मशीन चालवता येत नाही, भाव करता येत नाही. मडक्यापुढची जागा गेली तर मी परत गावाला, आणि गावाला जायचं तर हे हात घेऊनच.

आता जे केलं ते आमच्यासारखीच कोणी करेल. आमच्या टोळीत एक रीत आहे. काम आटोपलं की सॅलडच्या काउंटरवर उरलेली कापलेली लिंबं मागून घ्यायची आणि मनगटापासून कोपरापर्यंत चोळायची. चिकट कणीक सुटते, धुराचा वास जातो. मग हात धुऊन टेम्पोत बसायचं. जुन्या बायका वर्षानुवर्षं करतात, कोणाला कधी काही झालं नाही. तेव्हा मी हिशोब केला की दोन मिनिटं चोळून एवढं जातं, तर तासभर ठेवून हे जाळंही जाईल. लिंबानं तांब्याचा तांब्या उजळतो, मग कातडी का नाही? आणि उन्हानं रोग मरतो हे तर लहानपणापासून ऐकलेलं.

मे महिना होता. भर दुपारी मी वाटीभर लिंबं घेऊन गच्चीवर गेले. रस पिळला, दोन्ही हातांना चोळला, कोपरावरून खाली ओघळ गेले ते तसेच राहू दिले, आणि जोडीदारणीच्या वाळत घातलेल्या कुरडयांच्या शेजारी हात पसरून बसले. मीही वाळवणच. ऊन असं की गच्चीवर पाय ठेववत नव्हता. हात चुरचुरले. मला वाटलं, काम करतंय. संध्याकाळी काही झालं नाही. दुसऱ्या दुपारी परत बसले, आणखी जास्त वेळ.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती चादर हाताला चिकटलेली होती म्हणून.

ओढली तशी सालीसकट निघाली. हातभर फोड. काही साबुदाण्याएवढे, काही एकमेकांत मिसळून द्राक्षाएवढे, आत पिवळं पाणी, हात हलवला की हलणारं. आणि ते फोड वाटेल तसे नव्हते. जिथून जिथून रस ओघळला होता तिथून रांगेनं आले होते, कोपराच्या टोकापर्यंत, जशी काही कोणी रेघ मारून दिली. खाली जुनं जाळं होतंच. फुटलेल्यांवर एक माशी येऊन बसली, मी हाकलली, ती परत आली. मला ओकारी झाली. आपल्याच हाताकडं बघून ओकारी होते हे मला माहीत नव्हतं.

जोडीदारणीनं पाहिलं. तिनं आपली चटई उचलली, पाण्याचा आपला ग्लास माठावरून काढून खिडकीत ठेवला, आणि दुसऱ्या खोलीत झोपायला गेली. मी तिला दोष देत नाही. मी तिच्या जागी असते तर माठच उचलून नेला असता.

दोन दिवस मी दार ओढून बसले. मग काकू आली.

"काय वं, दोन दिवस झाले दिसून नाही राहिली. मेली का काय?"

"काकू, आत येऊ नका."

"काहून? वाघ बांधला का?"

ती आत आलीच. मी हात पदरात घेतले. तिनं पदर बाजूला केला, पाहिलं, आणि माझं मनगट धरून हात उजेडाकडं नेला. फोडाला धक्का लागू न देता, पण धरला. दोन दिवसांत मला पहिल्यांदा कोणी हात लावला होता. मी रडायला लागले.

"रडू नको. रडून पाणी कमी पडून राहिलं का इथं? फोडात आहे तेवढं पुरे." मग ती वाकून बराच वेळ पाहत राहिली. "हे फोड मले नाही समजत. पण हे खालचं जाळं आहे ना, हे मी पाह्यलं आहे."

"कुठं?"

"माह्या मालकाच्या पायाले."

तिनं ते तिथंच बसून सांगितलं, चिंध्या ओल्या करून माझ्या हातावर ठेवता ठेवता. मालकांची जागा भट्टीच्या तोंडाशी होती. वर्षानुवर्षं दोन्ही नडग्या भट्टीकडं. तिथं असंच जाळं पडलं, काळपट. काकू नवी सून होती. तिला वाटलं महारोग.

"मी त्याइचं ताट वेगळं केलं वं. ओळखू यावं म्हणून ताटाच्या काठाले खिळ्यानं भोक पाडलं. धुणं वेगळं. बाज बाहेर टाकली. लेकराले त्याइच्या पायावर बसू नाही देल्लं. तीन वर्षं. एक दिवस कारखान्यात डॉक्टर आला तपासाले, त्यानं सांगतलं, हे भट्टीच्या धगीनं होते, कोणाले लागत नाही. त्याइनं घरी येऊन सांगतलं तं मी म्हटलं, चला, आता ताट एक करू. तं ते म्हणाले, राहू दे, सवय झाली."

ती चिंधी पिळत होती. "मरेपर्यंत त्याच ताटात जेवले."

  मग तिनं माझा पदर नाकाशी नेला, वास घेतला, आणि विचारलं, "अन् हे लिंबू कायले?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "अवं, तर्री-पोह्यावर पिळलं असतं तं खाता तरी आलं असतं!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. कातडीच्या विभागापुढं लांब बाक आणि लांब रांग. माझ्या शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. त्यांच्या कोपरांवर, कपाळावर जाड पांढरे पोपडे. हात हलवला की कोंडा बाकावर सांडायचा. मी लगेच सरकले. साडीही गोळा करून घेतली. नाक मुरडलं असणार, कारण ते माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाले, "बसा ताई. हे लागत नाही."

माझ्या दोन्ही हातांना ओल्या चिंध्या, त्यातून पिवळं पाणी गळतंय, आणि मी त्यांच्यापासून सरकतेय. मला इतकी लाज वाटली की मी परत जागेवर आले, पण खरं सांगते, साडी मात्र गोळा केलेलीच राहिली. मनाला कळलं तरी अंगाला कळत नाही.

डॉक्टर बाई माझ्याहून थोडीच मोठी होती. तिनं चिंध्या काढल्या, हात उलटा-सुलटा केला, आणि तिला किळस आली नाही. मी तिच्या चेहऱ्यावर ती शोधत होते.

"चुलीजवळ काम करता?"

"मडक्यावर. रोट्या."

"आणि हे ओघळ कशाचे? लिंबू?"

मला वाटलं काकूनं आधीच सांगितलं. काकू म्हणाली, "मी नाही वं!"

डॉक्टर हसली. ओघळच सांगतात म्हणाली. मग तिनं समजावलं, आणि मला एवढं नीट कोणी शाळेतही समजावलं नव्हतं. हातावर दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत, म्हणाली, दोन्ही उजेडानं, आणि दोन्ही उजेड न दिसणारे. जाळातून जो उजेड आपल्याला दिसतो त्याच्याबरोबर एक न दिसणारा निघतो, इन्फ्रारेड. तीच धग. ती कातडीच्या आत खोल जाते. एकदम जास्त लागली तर भाजतं, आपण हात काढतो. पण भाजणार नाही इतकी, रोज, तासन् तास लागली तर आतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं कातडीवर उमटून बसतं. तेच हे. शेगडीजवळ बसणाऱ्यांना, पोटाला सारखी गरम पिशवी लावणाऱ्यांनाही होतं.

"आणि फोड?"

"ते उन्हातल्या दुसऱ्या उजेडानं. अल्ट्राव्हायोलेट. तोही दिसत नाही, आणि त्याची तर धगही लागत नाही, म्हणून कोणी घाबरत नाही. लिंबाच्या रसात असं काहीतरी असतं की तो कातडीवर असताना हा उजेड पडला की कातडी आतून जळते. लगेच नाही, एक-दोन दिवसांनी."

मी विचारलं, "पण आमच्या सगळ्या बायका लिंबू चोळतात. त्यांना का नाही झालं?"

"कधी चोळतात?"

"काम झाल्यावर. रात्री."

"चोळून मग काय करतात?"

"धुऊन टाकतात."

ती नुसती माझ्याकडं पाहत राहिली, मला माझं मला कळेपर्यंत. वर्षानुवर्षं ज्या रीतीनं कोणाला काही झालं नव्हतं, ती मी दिवसा, न धुता केली होती.

फोड फोडायचे नाहीत, मलम लावायचं, उन्हात हात झाकायचे, आणि कातडी पूर्ण भरल्याशिवाय कणकेला हात लावायचा नाही, असं तिनं दोनदा बजावलं. फोडांचे डाग काही महिन्यांत जातील. जाळंही फिकट होईल, धगीपासून लांब राहिलात तर. "सगळं जाईल असं मी सांगत नाही," म्हणाली. आणि त्या जाळ्यावर कधी न भरणारी जखम किंवा गाठ आली तर त्याच दिवशी यायचं, थांबायचं नाही. ते ऐकल्यापासून मी रोज सकाळी दोन्ही हात खिडकीत धरून तपासते. अजूनही.

उठताना काकू म्हणाली, "बाई, हे लागत नाही, हे कागदावर लिहून द्या. मोठ्या अक्षरात. मराठीत."

डॉक्टरनं लिहून दिलं. 'हातावरील डाग धगीमुळे आहेत. हा संसर्गजन्य आजार नाही.' खाली सही, शिक्का. काकूनं बाहेर पडल्या पडल्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्याला प्लास्टिक चढवून आणलं. दुकानदारानं विचारलं, "आधार कार्ड का?" काकू म्हणाली, "त्याच्यावून मोठं आहे."

तो कागद घेऊन आम्ही भाऊच्या गोदामावर गेलो. तो खर्रा घोटत बसला होता. कागद वाचला आणि परत दिला.

"काकू, लोकं कागद नाही वाचत. लोकं हात पाह्यते."

मला ते पटलं. मी निघायला वळले. काकू नाही वळली.

"काय गा, तू दिवसभर तो खर्रा थुंकून राहिला, मंडपाच्या खांबाचं बूड लाल करून ठेवतं, त्याची किळस नाही येत लोकायले?"

"ते वेगळं ना काकू."

"हाव, वेगळंच आहे. हिचं लागत नाही. तुह्यं साडीले लागते."

गोदामातले सगळे हसले. भाऊही हसला, पण मान हलवत राहिला. मग काकूनं शेवटचं काढलं. "ठीक आहे. मग कणीकही तूच मळ."

तो हसायचा थांबला. तिच्यासारखी कणीक टोळीत कोणाची होत नाही. घट्ट झाली तर रोटी लांबत नाही, सैल झाली तर हातावरच फाटते. ती हातात घेऊन पाण्याचा अंदाज घेते, दर उन्हाला वेगळा. मग भाऊ म्हणाला, "अन् कागदात म्हणते हे धगीनं झालं, तं ही रोटी करणार कशी?"

ते काकूनं आधीच ठरवून ठेवलं होतं. मला सांगितलं नव्हतं. मडक्याच्या तोंडाला बाजूनं पत्रा लावायचा. मी टेबलाशी, जाळापासून चार पावलं लांब, नुसती रोटी लांबवायची. लांबली की काकूनं आपल्या हातावर घ्यायची आणि मडक्यावर टाकायची. एका हातावरून दुसऱ्याच्या हातावर रोटी द्यायची म्हणजे किती अवघड ते करणारीलाच कळतं. आम्ही भाऊच्या गोदामामागं रोज सराव केला. म्हणजे माझी कातडी भरेपर्यंत काकूनं ओल्या फडक्यावर सराव केला आणि मी दुरून सांगितलं. ती मला कणकेच्या जवळ येऊ द्यायची नाही. "डॉक्टरनं काय सांगतलं? बस तिथं."

वीस दिवस झाले तेव्हा फोड गेले होते. जागी गडद ओघळ राहिले होते. खाली जाळं होतंच. म्हणजे हात आधीपेक्षा वाईट दिसत होते.

लॉनवर काकूनं तो कागद 'मटका रोटी' लिहिलेल्या पाटीशेजारी सुतळीनं टांगला. मी पहिली रोटी उचलली, ती मधेच फाटली. दुसरी नीट आली. लोक आले. काही जणांनी हात पाहिले, कागद वाचला आणि निघून गेले. एका आजोबांनी चष्मा लावून तो कागद मोठ्यानं वाचला, 'संसर्गजन्य' शब्दावर जोर देऊन, आणि दोन रोट्या मागितल्या. एका मुलीनं मैत्रिणीला ढकललं, "तू आधी खा." एका बाईनं रोटी घेतली, टिश्यूनं दोन्ही बाजूंनी पुसली आणि मग खाल्ली. कोणीतरी विचारलं, हाताला काय झालं? काकू मडक्यावरून म्हणाली, "आगीनं मेंदी काढली. नवरीची दोन दिवसात जाईल, हिची टिकते."

रांग पूर्वीएवढी लागली नाही. पण लागली. भाऊनं मला मागं पाठवलं नाही. पुढच्या कामाची तारीख त्यानं मला सांगितली, काकूला नाही, मला.

हे सगळं चांगलं झालं असं कोणी म्हणेल. पण मला रात्रंदिवस एक काळजी आहे. मडक्याजवळ आता काकू असते. तिच्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूला परवा मला लालसर रेघा दिसल्या, दोन-तीन, एकमेकींत शिरणाऱ्या. मी म्हणाले, काकू, पत्रा आणखी वर घेऊ, आणि अर्ध्या अर्ध्या तासानं जागा बदलू. आता तसं करतो. तरी तिनं हात उजेडात धरला, पाहिला आणि म्हणाली, "आलं का? येऊ दे. माह्या मालकाले किती वर्षं होतं."

ती जेवते अजून त्याच ताटात. काठाला खिळ्याचं भोक असलेल्या. मी दोनदा म्हटलं, माझ्यासोबत बसा, एका ताटात जेवू. ती राहू दे म्हणते.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि मांडे होतात. नेमकी तेव्हाच इथं लग्नांची गर्दी, त्यामुळे माझं जाणं होत नाही. पण एका आखाजीला मी जाणार आहे, आणि काकूला तिच्या ताटासकट घेऊन जाणार आहे. बाह्या वर करून आईच्या अंगणात बसेन, हे हात तिला दाखवेन, याच हातांवर पुरणाचा मांडा लांबवेन. काकूला जाळाजवळ येऊ देणार नाही. तिला पाटावर बसवेन, ते भोकाचं ताट तिच्या पुढं ठेवेन, आणि पहिला मांडा वाढला की तिनं राहू दे म्हणायच्या आत त्याच ताटात तिच्यासोबत जेवायला बसेन. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. इथं लिहून ठेवते.